ऑटो-ब्लिप (गिअर खाली टाकताना थ्रॉटल आपोआप क्षणभर उघडणारी सोय) असलेल्या बाइकवर क्लच न दाबता गिअर खाली टाकला तर गिअरबॉक्सला त्रास होतो का?

पद्धत बरोबर असेल तर नाही.

समजा, चौथ्या गिअरमध्ये इंजिन ६००० आरपीएमवर फिरतंय. बाइकच्या त्याच वेगाला तिसऱ्यात ते ७२०० च्या आसपास फिरायला हवं. ही तफावत भरून निघाली नाही तर मागचं चाकच इंजिनला ओढून फिरवतं, चेनला झटका बसतो आणि ओल्या रस्त्यावर चाक घसरूही शकतं. ऑटो-ब्लिप नेमकं हेच सांभाळतं. गिअर लिव्हरवर पायाचा दाब आला की सेन्सर ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, कळवतो, ईसीयू क्षणभर थ्रॉटल उघडतो, गिअरच्या दात्यांवरचा ताण सुटतो आणि खालचा गिअर अलगद बसतो.

मात्र तुमचा थ्रॉटल त्या वेळी पूर्ण बंद हवा. बहुतेकांचं इथेच चुकतं: सवयीने मनगट थोडं पिळलेलं राहतं, मग गिअर अडतो किंवा धक्का देऊन बसतो. लिव्हर एका दमात, ठामपणे दाबा आणि लगेच पाय काढा. पाय तसाच टेकलेला राहिला तर पुढचा गिअर पडणार नाही.

अगदी कमी वेगात, सिग्नलला थांबताना किंवा पहिला गिअर टाकताना मी तरी क्लचच वापरायला सांगेन. तिथे ब्लिप खडबडीत लागतो.

आणि स्लिपर क्लच ही वेगळी गोष्ट. तो चाकाकडून उलटा येणारा जोर कमी करतो, आरपीएम जुळवत नाही.