संशय कुणावर, शंका कशाची? 'रीझनेबल डाउट'चं मराठी

'ट्वेल्व्ह अँग्री मेन' या खुनाच्या खटल्यावरच्या अमेरिकन नाटकाचं मराठी रूपांतर करायला घेतलेल्या एका वाचकाने दोन गोष्टी विचारल्यात. आरोपी दोषी की नाही हे ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटाला, म्हणजे ज्यूरीला, न्यायाधीश 'रीझनेबल डाउट' उरला तर दोषी ठरवू नका असं बजावतात; त्याला 'वाजवी संशय' म्हटलं तर चालेल का? आणि ज्यूरीला सरळ 'पंच' म्हणावं का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ते छोटं आहे: पंच नको. आजच्या कोर्टात पंच म्हणजे पंचनाम्यावर सही करणारा माणूस. तो साक्षीदार असतो, आणि पुढे साक्षीच्या वेळी फितूर होण्याबद्दलच त्याची ख्याती जास्त. गावकीतला पंच निवाडा करायचा हे खरं, पण तो दोन्ही पक्षांना ओळखून असायचा आणि दंडही तोच ठोठावायचा. ज्यूरर, म्हणजे ज्यूरीतला माणूस, आरोपीच्या ओळखीतला असून चालत नाही. घडलं काय एवढंच त्याने ठरवायचं, कायदा काय म्हणतो ते न्यायाधीश सांगणार. शिवाय प्रेक्षकांतल्या निम्म्या लोकांना पंच म्हटलं की क्रिकेटच आठवणार. टिळकांच्या 1897 आणि 1908 च्या खटल्यांपासून 'ज्यूरी' मराठी वाचकाच्या कानावर आहे. तोच ठेवा.

आता मुख्य प्रश्न. 'वाजवी संशय' चूक नाही. कोर्टाच्या मराठीत तो चालतो, 'संशयाचा फायदा देऊन आरोपीची निर्दोष मुक्तता' हे वाक्य तर बातम्यांत रोजचंच. पण या वाक्याकडे जरा थांबून बघा. संशय आरोपीवर, आणि त्याचा फायदाही आरोपीलाच? नवख्या वाचकाला हे कोडं वाटतं, आणि त्यात त्याचा दोष नाही. मराठीत 'संशय' हा एकच शब्द दोन उलट्या कामांवर जुंपलेला आहे. पोलिस एखाद्याला 'संशयित' म्हणून ताब्यात घेतात तेव्हा संशय त्या माणसावर असतो, त्यानेच केलं असावं या अर्थाचा. 'संशयाचा फायदा' म्हणतो तेव्हा संशय पुराव्याबद्दल असतो, त्याने केलं नसावं या बाजूला झुकणारा. गीतेतल्या 'संशयात्मा विनश्यति'मधला संशय हा दुसऱ्या जातीचा, मनाच्या अनिश्चयाचा. पण बोलताना आपण संशय 'घेतो', आणि तो बहुतेक वेळा माणसावरच. देवलांच्या 'संशयकल्लोळ'मध्ये जो कल्लोळ होतो तो या पहिल्या जातीचा.

रेजिनाल्ड रोज यांचं हे नाटक नेमकं याच दोन अर्थांच्या मध्ये उभं आहे, म्हणून इथे शब्द जपून निवडायला हवा. रोज स्वतः न्यूयॉर्कमध्ये एका मनुष्यवधाच्या खटल्यात ज्यूरीवर बसले होते. त्या अनुभवातून 1954 साली टीव्हीसाठी त्यांनी हे लिहिलं, आणि 1957 मध्ये सिडनी ल्युमेट यांनी त्याचा सिनेमा केला. बापाच्या खुनाचा आरोप असलेला एक पोरगा, दोषी ठरला तर मृत्युदंड अटळ. ज्यूरीच्या पहिल्या मतदानात 'दोषी' म्हणणारे अकरा, विरोधात एकटा आठवा ज्यूरर. त्या अकरांकडे आहे तो संशय: झोपडपट्टीतला पोरगा, चाकू बाळगणारा, बापाशी भांडलेला, म्हणजे त्यानेच केलं असणार. आठव्याकडे आहे ती शंका. तो मुलगा निर्दोष आहे असं म्हणतच नाही, मला माहीत नाही म्हणतो. हे फार लोकांच्या ध्यानात राहत नाही. सिनेमा संपतो तेव्हाही खून कुणी केला ते आपल्याला कळलेलं नसतं.

आणि शंका 'वाजवी' कशी असते तेही तिथेच दिसतं. वरच्या मजल्यावर धप्प आवाज झाल्यावर पंधरा सेकंदांत आपण दारापर्यंत पोचलो, असं लंगडत चालणारा म्हातारा साक्षीत सांगतो. आठवा ज्यूरर खोलीत तेवढं अंतर आखून, लंगडत चालून दाखवतो. घड्याळात एकेचाळीस सेकंद भरतात. ही वाजवी शंका: तिला कारण आहे, ते चौघांत मांडता येतं, तपासता येतं. 'कुणी सांगावं, भुताने मारलं असेल' हीसुद्धा शंकाच, पण वाजवी नव्हे. म्हणूनच 'संशयातीत' हा भारदस्त शब्द मला इथे पटत नाही. तो शंकेचा कणही उरू देत नाही, आणि तेवढी खात्री जगातलं कुठलंच कोर्ट मागत नाही.

(तोच आठवा ज्यूरर आरोपीच्या वस्तीत जाऊन तसाच चाकू विकत आणतो आणि टेबलात खुपसतो, तो प्रसंग रंगमंचावर टाळ्या घेणार. पण खऱ्या खटल्यात ज्यूररने बाहेरून पुरावा गोळा करणं हा गैरप्रकार ठरतो आणि सगळा खटला पुन्हा चालवायची पाळी येऊ शकते. रूपांतरात तो ठेवाच, फक्त कुणी वकील भेटून बोलला तर वाद घालू नका.)

रूपांतराची जागा मुंबई करायचा विचार असेल तर एक अडचण आहे. मूळ गोष्टीत बाराही जणांचं एकमत लागतं, म्हणून एकटा माणूस सगळ्यांना अडवू शकतो. मुंबईत ज्यूरी नऊ जणांची असे आणि बहुमत चाले. 1908 मध्ये टिळकांना सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवलं गेलं, त्या दोघांचा काही उपयोग झाला नाही. 1959 च्या नानावटी या नौदल अधिकाऱ्यावरच्या खुनाच्या खटल्यात आठ विरुद्ध एक मताने 'दोषी नाही' असा कौल आला. तिथे एकट्याने नव्हे, न्यायाधीशांनी तो कौल अमान्य करून प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, आणि शेवटी नानावटींना जन्मठेप झाली. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तर ज्यूरीला जागाच उरली नाही. 1986 चा 'एक रुका हुआ फैसला' हा हिंदी सिनेमा हीच गोष्ट भारतात घडवतो, ती कायद्याच्या दृष्टीने कल्पनेतलीच. त्यापेक्षा न्यूयॉर्क न्यूयॉर्कच राहू द्या.

तर न्यायाधीशांच्या तोंडी मी असं वाक्य घालेन: 'आरोपीने गुन्हा केला याबद्दल तुमच्या मनात वाजवी शंकेला जागा असेल, तर तुम्ही "दोषी नाही" असाच कौल दिला पाहिजे.' 'शंकेला जागा' हा आपला रोजचा वाक्प्रचार आहे, नटाच्या तोंडात बसतो. कौलात 'निर्दोष' मात्र नको, 'दोषी नाही' हवं. आणि तिसरा ज्यूरर चिडून त्या पोरावर तुटून पडतो, तिथे 'संशय' मोकळेपणाने वापरा.