रेनेसाँ म्हणजे पुनर्जन्मच का?

तुमचा प्रश्न असा की डिक्शनरीत रेनेसाँचा अर्थ 'पुनर्जन्म' दिलाय, पण वाक्यात तसाच घातला की विचित्र वाटतं, मग मराठीत म्हणायचं काय. विचित्र वाटतं ते बरोबरच आहे. मूळ शब्द फ्रेंच, 'रे' म्हणजे पुन्हा आणि 'नेसाँस' म्हणजे जन्म, त्यामुळे डिक्शनरीवाल्यांचं काही चुकलेलं नाही. पण आपल्याकडे पुनर्जन्म म्हटलं की आत्मा, मागचा जन्म, पापपुण्य सगळं मागोमाग येतं, आणि त्याला इंग्रजीत रीइन्कार्नेशन हा वेगळा शब्द आहे. रेनेसाँ होतो तो कलेचा, विद्येचा, एखाद्या समाजाच्या संस्कृतीचा.

आधी कॅपिटल आर आणि साधा आर यातला फरक लक्षात घ्या, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. कॅपिटल आर असेल आणि शब्दाच्या आधी 'द' असेल तर तो युरोपातला ठराविक काळ, साधारण चौदावं ते सोळावं शतक, सुरुवात इटलीत. साधा आर असेल तर कुठल्याही काळातला, कुठल्याही समाजातला तसाच बहर. गंमत म्हणजे त्या काळातले लोक हा फ्रेंच शब्द वापरतच नव्हते. वासारी या इटालियन चित्रकाराने 1550 मध्ये चित्रकारांची चरित्रं लिहिताना इटालियन 'रिनाशिता' वापरला, पण तो कलेपुरता. अख्ख्या कालखंडाला हे नाव चिकटलं ते एकोणिसाव्या शतकात, मिशले या फ्रेंच इतिहासकाराने 1855 मध्ये आपल्या फ्रान्सच्या इतिहासातल्या एका खंडाला ते दिलं, आणि 1860 मध्ये बुर्कहार्ट या स्विस इतिहासकाराचं इटलीतल्या त्या काळावरचं पुस्तक आल्यावर ते पक्कंच झालं.

आता मराठी शब्द. पुनरुज्जीवन मला पटत नाही. पुनरुज्जीवनवादी म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो जुनं जसंच्या तसं परत आणा म्हणणारा माणूस, आणि रेनेसाँ जवळपास त्याच्या उलट आहे. लोरेन्झो व्हाल्ला या त्या काळातल्या इटालियन विद्वानाचंच बघा ना. सम्राट कॉन्स्टन्टाइनने पश्चिमेकडचं साम्राज्य पोपला देऊन टाकलं असं सांगणारा एक दस्तऐवज शतकानुशतकं खरा मानला जात होता. व्हाल्लाने 1440 मध्ये त्याची लॅटिन तपासली, आणि त्यात रोमन अधिकाऱ्यांच्या यादीत चक्क 'सत्रप', म्हणजे इराणी साम्राज्यातले सुभेदार, निघाले! चौथ्या शतकातला रोमन सम्राट असलं काही लिहीलच कसा, म्हणून त्याने कागद खोटा ठरवला. म्हणजे जुनी भाषा शिकली ती पूजा करायला नाही, जुन्याचीच झडती घ्यायला. पुनरुज्जीवन या शब्दात हे कुठेच बसत नाही.

पाठ्यपुस्तकात प्रबोधन असतं आणि परीक्षेत तेच लिहा, मार्क कशाला घालवायचे. पण अडचण अशी की युरोपातल्या अठराव्या शतकातल्या एन्लायटनमेंट या बुद्धिवादी चळवळीलाही बरेच जण प्रबोधनच म्हणतात, शिवाय समाजप्रबोधनपर व्याख्यान असतं ते आणखी तिसरंच, तेव्हा लिहिताना शतक सांगून टाका म्हणजे वाद मिटला. युरोपातला तो काळ सोडून बाकीच्या रेनेसाँसाठी मी नवजागरण किंवा सरळ 'नवा बहर' वापरतो. बंगाल रेनेसाँ म्हणजे बंगालचं नवजागरण, हे छान बसतं. 1920 च्या दशकातला न्यूयॉर्कचा हार्लेम रेनेसाँ, कृष्णवर्णीय लेखक, कवी, संगीतकारांचा, तिथे मात्र मी नाव तसंच ठेवीन.

वापरायचा कुठे? बंद पडलेलं मासिक पुन्हा सुरू झालं तर ते रिव्हायव्हल. पण एखाद्या भाषेत एकदम बरेच नवे लेखक आले, नवे प्रकार लिहायला लागले, वाचक वाढले, तर तो रेनेसाँ. एकट्या माणसाच्या करिअरलाही इंग्रजीत हल्ली हा शब्द लावतात, चूक नाही पण मला जरा जास्तच वाटतो. रेनेसाँ मॅन मात्र वेगळं, त्यात पुन्हा जन्मबिन्म काही नाही, लिओनार्डोसारखा चित्रंही काढणारा, मुडदे फाडून शरीररचनाही बघणारा आणि यंत्रांचे आराखडेही करणारा माणूस. आपल्याकडे अष्टपैलू आहेच की. आणि याचं क्रियापद करू नका, 'कल्चर रेनेसाँस्ड' असं इंग्रजीत कोणी म्हणत नाही, अंडरगो किंवा एक्स्पिरियन्स जोडायचं.

उच्चार ब्रिटिश रिनेसन्स, अमेरिकन रेनसाँस, मराठीत रेनेसाँ रुळलाय, कुठलाही चालेल. स्पेलिंगमध्ये एस दोन, शेवट सी-ई, तिथेच लोक हमखास अडकतात.