इंग्रजीत प्रेझेंट सिंपल टेन्स नक्की कधी वापरायचा आणि 'एस' कधी लावायचा?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की नियम तोंडपाठ आहे, पण बोलायला लागलं की 'आय ॲम गोइंग'च बाहेर पडतं आणि ऑफिसातली पोरं हसतात. ते हसण्याचं लिहिलंत म्हणून उत्तर देतोय. नुसता नियम विचारला असतात तर पुढे गेलो असतो.

२००७ ची गोष्ट. पुण्यात एका कंपनीत मुलाखत होती. बी.कॉम. झालेलं, आदल्या रात्री बार्शीहून येऊन मित्राच्या खोलीवर टेकलेलो. मुलाखत घेणारा माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठा असेल. सेल्फ इंट्रोडक्शन पाठ करून गेलो होतो, ते धडाधड म्हणून टाकलं. मग त्यानं पाठांतराबाहेरचं विचारलं. 'व्हॉट डझ युवर फादर डू?'

आमच्याकडे या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं. 'एसटीत आहेत.' कुणी आणखी खोदलं तर 'ड्रायव्हर आहेत.' डोक्यात 'आहेत' तयार होतं, त्यामुळे तोंडातून 'माय फादर इज' निघून गेलं. इज म्हणून बसल्यावर पुढं काहीतरी जोडणं भागच होतं. जोडलं. 'माय फादर इज ड्रायव्हिंग एसटी.'

तो खुर्चीत मागे रेलला, शेजारच्या मॅडमकडे बघून म्हणाला, 'राइट नाउ? ॲज वुई स्पीक?' मॅडम हसल्या.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सव्वाअकरा. वडिलांची त्या आठवड्यात बार्शी-स्वारगेट ड्यूटी होती, पहाटे साडेसहाची गाडी. कुर्डुवाडी, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण असं मी मनातल्या मनात मोजत आलो आणि सांगितलं, 'यस सर. नाउ ही इज निअर यवत.'

मग मात्र दोघंही पोट धरून हसले. मला कळेना हसण्यासारखं काय झालं. माणूस खरोखर त्या मिनिटाला स्टिअरिंगवर बसलेला होता. इंग्रजी व्याकरणाचा कुठलाही मास्तर बोलवा, त्या वेळेपुरता माझ्या वाक्यातला काळ शंभर टक्के बरोबर होता. चूक एवढीच की त्यानं धंदा विचारला होता आणि मी ठावठिकाणा सांगितला. त्याला हवं होतं 'ही ड्राइव्ह्ज अ बस.' म्हणजे आज रजेवर असले, घरी झोपलेले असले, तरी बस चालवणं हे त्यांचं काम. साधा वर्तमानकाळ म्हणजे हेच. आत्ता काय चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, एरवी काय असतं ते तो सांगतो. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच झालं.

तेवढ्यात त्या साहेबाचा मोबाईल वाजला आणि तो अस्सल पुणेरी मराठीत म्हणाला, 'हो गं, येतो मी साडेसातपर्यंत. भाजी घेतो येताना.' म्हणजे हाही आपल्यातलाच! ही दोन वाक्यं मी तेव्हापासून जपून ठेवली आहेत. 'येतो', 'घेतो'. मराठी व्याकरणात हा साधा वर्तमानकाळ. पण आत्ता तो ना येत होता, ना भाजी घेत होता. इंग्रजीत हे शब्दाला शब्द ठेवून 'आय कम ॲट सेव्हन थर्टी, आय टेक भाजी' केलं तर माझ्या यवतइतकंच हसू येईल. तिथं 'आय विल' हवं.

नोकरी अर्थातच मिळाली नाही. तिथून स्वारगेटला गेलो. वडिलांची गाडी लागली होती, कंडक्टर हिशेब करत होता, वडील कँटीनच्या बाकावर चहा पीत बसले होते. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, 'मग खोटं काय बोललास? चालवतच होतो की. फक्त यवतला नव्हतो अजून, चौफुल्याला म्हशी आडव्या आल्या, पाच मिनटं खाल्ली तिथं.'

पुढे मी एका स्पोकन इंग्लिश क्लासात पैसे भरले. भिंतीवर बारा काळांचा तक्ता, आणि मराठी शब्द तोंडातून निघाला की एक रुपया दंड. सर म्हणायचे, मराठीत विचार करणं थांबवा. तीन महिन्यांत माझं मराठी थांबलं, इंग्रजी सुरू झालं नाही. दंडाच्या डब्यात सगळ्यात जास्त पैसे माझे. सबजेक्ट प्लस व्ही वन (म्हणजे क्रियापदाचं मूळ रूप) प्लस ऑब्जेक्ट हे मी झोपेतही म्हणायचो, आणि जागेपणी कुणी विचारलं की 'आय ॲम अॅग्री'.

हे 'आय ॲम अॅग्री' बघा. हे इंग्रजी न आल्यामुळे होत नाही, 'मी सहमत आहे' चांगलं येत असल्यामुळे होतं. आपलं निम्मं बोलणं 'आहे'वर संपतं, म्हणून इंग्रजीत आपण जिथं तिथं 'ॲम' आणि 'इज' पेरत जातो. आणि एकदा 'ॲम' लावला की त्याच्या मागे 'आयएनजी' लावल्याशिवाय करमत नाही. मराठी बंद करून हे कसं सुटणार? तो 'आहे' पकडूनच आणावा लागतो.

मी तो पकडला तो असा. 'मला'नं सुरू होणारी वाक्यं आठवा. मला माहीत आहे. मला आवडतं. मला पाहिजे. मला कळतं. मला आठवतं. मला वाटतं. मला दोन भाऊ आहेत. मला ताप आहे. आता इंग्रजी: आय नो, आय लाइक, आय वाँट, आय अंडरस्टँड, आय रिमेंबर, आय थिंक, आय हॅव टू ब्रदर्स, आय हॅव अ फीवर. सगळा साधा वर्तमानकाळ. 'आय ॲम नोइंग', 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' या चुका ज्या क्रियापदांवर होतात, त्यातली बहुतेक या 'मला'च्या घरातली. इंग्रजी पुस्तकात यांची वेगळी यादी देतात आणि ती पाठ करायला लावतात. ती यादी तुमच्या आईनं तुम्हाला दोन वर्षांचे असतानाच शिकवलेली आहे.

आता 'एस'. आपली माणसं या एका अक्षराला का घाबरतात हे मला खरंच कळत नाही. मराठीत 'जाणे'ची साध्या वर्तमानकाळातली रूपं मोजा: जातो, जाते, जातं, जातोस, जातेस, जाता, जातात. सात झाली. इंग्रजीत दोन, गो आणि गोज. सातांचं ओझं हसत वाहणारा माणूस दोनांत अडखळतो. ही, शी, इट किंवा एकटा माणूस, एकटी वस्तू असेल तर 'एस', बाकी कुठं नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. खरा घोळ होतो नकारात आणि प्रश्नात. 'ही डझ नॉट गोज.' माझ्याकडे शिकायला येणारी दहातली आठ पोरं हेच लिहितात.

त्यांना मी फळ्यावर मराठी लिहून दाखवतो. ते जातात. ते जात नाहीत. काय झालं? 'जातात'मधलं अनेकवचन उठलं आणि 'नाही'वर जाऊन बसलं, 'नाहीत' झालं. मागे राहिला कोरा 'जात'. 'ते जातात नाहीत' असं कुणी म्हणतं का? लहान पोरही म्हणत नाही. इंग्रजीत अगदी हेच होतं. 'गोज'वरचा 'एस' उठतो, 'डू'वर बसतो, 'डझ' होतो, मागे कोरा 'गो'. ही डझ नॉट गो. डझ ही गो? एस एकच आहे, तो दोन खुर्च्यांवर बसू शकत नाही. हे मला कुठल्या क्लासात कुणी सांगितलं नाही. एकदा बार्शीच्या गाडीत 'तिकीट घेतल्याशिवाय ते खाली उतरत नाहीत' असं कंडक्टर कुणाबद्दल तरी म्हणाला आणि माझ्या डोक्यात लख्ख पडलं. इंदापूर येईपर्यंत मी वहीत तीस वाक्यं लिहिली होती.

उच्चाराचं थोडक्यात: वर्क्स, ईट्स, लाफ्स इथं 'स'. ड्राइव्ह्ज, गोज, रन्स इथं लिहायला 'एस' असला तरी कानाला 'झ'च्या जवळचा. वॉचेस, वॉशेस इथं एक अक्षर वाढतं. 'से'चं मात्र 'सेज' होत नाही, 'सेझ' असं आखूड होतं. यात चुकलात तर कुणी हसत नाही, तेव्हा आत्ता सोडून द्या.

आता माझ्या साडूबद्दल. त्यांचं म्हणणं तेच, क्लासवाल्या सरांचं. मराठी माध्यमातल्या मुलाला मराठीतून इंग्रजी शिकवणं म्हणजे पोहायला शिकवताना काठाला धरून ठेवणं. दर दिवाळीला हा वाद होतो. मी रविवारी डेपोतल्या ड्रायव्हर-कंडक्टरांच्या मुलांना फुकट शिकवतो, त्यावर त्यांनी एकदा सगळ्यांदेखत सांगितलं की 'तू त्यांचं नुकसान करतोयस.' मी गप्प बसलो. पाच मिनिटांनी ते स्वतःच्या मुलाला ओरडले, 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग व्हाय यू डोन्ट स्टडी!' एकाच वाक्यात 'मला कळत नाही'ची चूक आणि 'तू अभ्यास करत नाहीस' मात्र एकदम बरोबर. बायकोनं माझा हात दाबला म्हणून मी बोललो नाही. आज इथं बोलतो. भाऊसाहेब, मराठी डोक्यातून काढल्यानं असं होतं. बाहेर काढली असं वाटतं, पण ती माजघरात लपून बसते आणि नको तेव्हा बाहेर येते. त्यापेक्षा तिला ओसरीवर खुर्ची द्या, ती मदत करते.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. २००० साली ते पहिलीपासून झालं. तेव्हा सगळ्यांना वाटलं आता प्रश्न मिटला. माझ्याकडे येणारी पोरं पहिलीपासून इंग्रजी शिकलेली आहेत आणि 'ही डझ नॉट गोज' लिहितात. चार वर्षं वाढवून काय झालं? तक्ता तोच राहिला.

आता मी वर जे छातीठोक सांगितलं त्याला काही ठिगळं लावतो, नाहीतर खाली कुणीतरी लावेलच. 'मला'चा नियम सगळीकडे चालत नाही. 'मला उशीर होतोय' हे 'आय ॲम गेटिंग लेट', आणि 'मला भूक लागलीये' हे 'आय ॲम हंग्री'. 'थिंक' हे मत सांगायला साधं, पण 'मी विचार करतोय' म्हणायचं असेल तर 'आय ॲम थिंकिंग'च. इंग्रज लोकही हल्ली 'आय ॲम लविन इट' म्हणतात, बर्गरवाल्यांनी २००३ पासून जगभर ते वाजवलंच आहे. वेळापत्रक असेल तर उद्याच्या गोष्टीलाही साधा काळ चालतो. डेक्कन क्वीन पुण्याहून सव्वासातला सुटते, उद्याचीही 'लीव्ह्ज ॲट सेव्हन फिफ्टीन'. मराठीतही 'सुटते'च म्हणतो आपण, तिथं अडचण नाही. क्रिकेटची इंग्रजी कॉमेंट्री ऐकत असाल तर तिथं चेंडू आत्ता चाललेला असतो तरी 'ही ड्राइव्ह्ज, इट गोज टू द बाउंड्री'. त्यावरून शिकू नका, त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. आणि पुण्या-मुंबईच्या ऑफिसात 'आय ॲम हॅविंग' छापाचं इंग्रजी मॅनेजरपासून सगळे बोलतात, काम होतं. हसणाऱ्या पोरांची वाक्यंही एक दिवस कान देऊन ऐका.

सुरुवातीला एक करा. रोज रात्री घरातल्या एका माणसावर पाच वाक्यं लिहा, तो एरवी काय करतो यावर. आई कधी उठते, चहात साखर किती घालते, कुणाशी बोलत नाही. एक नकाराचं वाक्य हवंच, तिथंच तो 'एस' उठून 'डझ'वर बसताना दिसतो. वडील २०१५ ला निवृत्त झाले, त्यामुळे मला 'ही ड्राइव्ह्ज अ बस' आता लिहिता येत नाही. सध्या 'ही रीड्स द पेपर ॲलाउड ॲण्ड डझ नॉट लिसन टू एनीबडी' एवढ्यावर भागवतोय.

वाक्यं इथं खाली टाका, तपासून देईन. रविवारी क्लास संपला की मी मोकळा असतो. आय ॲम फ्री ऑन संडेज. तो शेवटचा 'एस' क्रियापदाचा नाही हं, रविवारांचा आहे.