चर्चने विवाह रद्द ठरवला, मग कोर्टात घटस्फोट कशाला?

वसई तालुक्यातल्या एका ताईंचे पत्र आले आहे. नाव छापू नका, असे त्यांनी लिहिले आहे. हकीकत थोडक्यात अशी. २०१३ मध्ये चर्चमध्ये लग्न झाले, दोघेही कॅथलिक. २०१४ मध्ये मुलगी झाली. नवऱ्याचे व्यसन लग्नाआधी सगळ्यांनी मिळून दडवले होते. २०१७ पासून तो वेगळा राहतो, आता आखातात नोकरी करतो. ताईंनी धर्मप्रांताच्या (बिशपांच्या अखत्यारीतल्या भागाच्या) विवाह न्यायालयाकडे दाद मागितली आणि २०२३ मध्ये, हा विवाह मुळातच वैध नव्हता, असा निर्णय मिळाला. आता शेजारच्या धर्मग्रामातले (पॅरिशमधले) स्थळ आले आहे. दोन्ही घरे राजी आहेत, ईस्टरनंतर लग्न उरकावे असे चालले आहे. पण फादर म्हणाले, ‘आधी कोर्टाचा हुकूम आणा.’

ताई लिहितात : ‘देवाच्या घरी जे लग्न लग्नच नव्हतं, त्याचा घटस्फोट मी कोर्टात कसा मागू? मागितला तर लग्न होतं आणि ते मी मोडलं, असं मीच लिहून दिल्यासारखं होईल. आई म्हणते, हा शब्द आपल्या घरात आजवर आलेला नाही. कोर्टाकडूनही लग्न रद्दच करून मिळणार नाही का? आणि लग्न नव्हतंच म्हटलं, तर माझ्या मुलीचं काय?’

ताई, तुमचे शेवटचे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. उत्तराचा सगळा भार तिथेच आहे. पण आधी फादरांबद्दल सांगतो. ते तुमची अडवणूक करत नाहीत, तुम्हाला मोठ्या संकटातून वाचवत आहेत.

२०१३ मध्ये तुम्ही वेदीपुढे उभ्या होतात तेव्हा एकाच वेळी दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे विवाहसंस्कार. दुसरी, भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियम, १८७२ प्रमाणे झालेला कायदेशीर विवाह, ज्याची नोंद चर्चच्या रजिस्टरात झाली आणि तिथून सरकारदरबारी गेली. संस्कार घडला होता की नाही, हे ठरवण्याचा अधिकार ख्रिस्तसभेचा, म्हणजे चर्चचा, आणि तो तिने वापरला. सरकारी नोंद मात्र जशीच्या तशी उभी आहे. धर्मप्रांताच्या निर्णयाने तिला धक्काही लागलेला नाही. कायद्याच्या लेखी तुम्ही आजही त्या माणसाच्या पत्नी आहात.

हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले आहे. ‘मॉली जोसेफ विरुद्ध जॉर्ज सेबॅस्टियन’ या १९९६ च्या निकालात नेमका हाच प्रश्न होता : चर्चच्या न्यायालयाने पहिला विवाह रद्द ठरवला आणि त्यानंतर दुसरे लग्न झाले, तर ते टिकते का? न्यायालयाने सांगितले, नाही. विवाह मोडण्याचा किंवा रद्द ठरवण्याचा अधिकार ख्रिस्ती लोकांसाठीच्या १८६९ च्या घटस्फोट अधिनियमाखालील न्यायालयालाच आहे. पुढे कर्नाटकातल्या एका कॅथलिक गृहस्थांनी, चर्चच्या निर्णयालाही कायद्याची मान्यता द्या, अशी याचिका केली होती. तीही जानेवारी २०१७ मध्ये फेटाळली गेली. त्यामुळे या बाबतीत आता पळवाट शोधण्यात अर्थ नाही.

असे असताना लग्न केलेत तर? दुसरा विवाह जन्मतःच शून्य. शिवाय पती हयात असताना दुसरे लग्न करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ प्रमाणे गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्या कलमात एक अपवाद आहे. पहिला विवाह ‘सक्षम न्यायालयाने’ रद्द ठरवला असेल तर गुन्हा होत नाही. पण चर्चचे विवाह न्यायालय त्या अर्थाने सक्षम न्यायालय नव्हे. रजिस्टर पद्धतीने लग्न करू म्हणाल, तर विशेष विवाह कायद्याचीही पहिली अट हीच, की दोघांपैकी कोणाचाही जोडीदार हयात नसावा. आणि चर्चच्या निर्णयावर पुढे गेलेल्या म्हापशाच्या मावसबहिणीचे जे उदाहरण तुम्ही पत्रात दिले आहे ते सोडून द्या. गोव्यात कौटुंबिक कायदा पोर्तुगीज काळातल्या नागरी संहितेवर चालतो, तिथल्या अनुभवावरून वसईत पाऊल टाकता येत नाही.

आता तुमच्या मनातल्या बोचणीकडे येतो. ती खोटी नाही आणि मी ती कायद्याच्या कलमांनी उडवून लावणार नाही. ‘देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये’ हे ऐकत तुम्ही वाढलात. पण ताई, देवाने हे जोडलेच नव्हते, असा निर्णय तुमच्याच ख्रिस्तसभेने दिला आहे. राहिला तो सरकारी करार, आणि कोर्ट फक्त तोच मोडते. संस्कारावर बोलण्याचा अधिकार न्यायाधीशांना नाही आणि ते तसा दावाही करत नाहीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथातला परिच्छेद २३८३. कायदेशीर हक्क, मुलांची काळजी किंवा वारसा यांचे रक्षण करायला दिवाणी घटस्फोटाखेरीज दुसरा मार्ग नसेल, तर तो घेण्यात नैतिक दोष नाही, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. हे वाक्य फादरांना आईंच्या समोर वाचून दाखवायला सांगा. वकिलाच्या तोंडून ते तितके पोहोचणार नाही.

आईंचा धसकाही समजून घ्यायला हवा. २००१ पूर्वी ख्रिस्ती बाईला घटस्फोट मागणे म्हणजे भर कोर्टात अब्रू मांडणे होते. पुरुषाला पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होई. बाईला मात्र बहुतेक वेळा नवऱ्याचा नुसता व्यभिचारही पुरत नसे, त्याला क्रूरतेची किंवा दोन वर्षे टाकून दिल्याची जोड द्यावी लागे. नुसता मारहाणीचा छळ हे कारणच नव्हते! एवढे करून जिल्हा न्यायालयाने हुकूम दिला, तरी उच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केल्याशिवाय तो पक्का होत नसे. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ‘प्रगती वर्गीस’ प्रकरणात हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला आणि २००१ मध्ये संसदेने कायदाच बदलला. त्या दुरुस्तीने कलम १०-अ आले, म्हणजे परस्पर संमतीने घटस्फोट. त्यात कोणाच्या चारित्र्यावर बोट ठेवावे लागत नाही. व्यसनाचा उल्लेखही करावा लागत नाही. आई ज्या शब्दाला घाबरतात तो त्या जुन्या कायद्यातला आहे, तुम्ही ज्या दारातून जाणार आहात ते दार तेव्हा नव्हतेच.

आता मुलगी. कोर्टाकडूनही विवाह रद्द करून घ्यावा, म्हणजे चर्चचा आणि कोर्टाचा कागद एकच बोलेल, असे तुम्हाला वाटते. मन समजते, पण माझा सल्ला स्पष्ट आहे : तो मार्ग धरू नका. फसवून संमती घेतली म्हणून विवाह रद्द करण्याचा अधिकार जिल्हा न्यायालयाला आहे, पण तुम्ही त्यानंतर चार वर्षे एकत्र राहिलात, मूल झाले, आणि आज इतक्या वर्षांनी ते कारण कोर्टात टिकवणे अवघड. ते टिकले तर अधिकच वाईट. विवाह मुळातच रद्द ठरला की त्या विवाहातल्या अपत्याच्या दर्जावर वाद उभा करता येतो. हिंदू विवाह कायद्यात अशा मुलांना सरसकट संरक्षण देणारे कलम १६ आहे. आपल्या घटस्फोट अधिनियमातले कलम २१ त्या मानाने फार अरुंद आहे, ते ठरावीक परिस्थितीपुरतेच लागू होते आणि फसवणुकीचे कारण त्यात नाही. उलट घटस्फोट म्हणजे विवाह होता आणि अमुक तारखेला संपला. तुमची मुलगी त्या विवाहात जन्मली. तिच्या नावापुढे, तिच्या वारसाहक्कापुढे कोणीही प्रश्नचिन्ह लावू शकत नाही. ज्या शब्दाची तुम्हाला लाज वाटते आहे, तोच शब्द तुमच्या लेकीचे छत्र आहे.

चर्चच्या बाजूनेही तिला काही डाग नाही. चर्चच्या कायद्यातले कलम, म्हणजे कॅनन, ११३७ सांगते : वैध समजून केलेल्या विवाहात जन्मलेले मूल औरसच, पुढे तो विवाह रद्द ठरला तरी. लोक काय म्हणतील याचे उत्तर तुमच्याकडे दोन्ही कायद्यांतून तयार आहे.

कलम १०-अ साठी दोघांनी मिळून अर्ज करावा लागतो. दोन वर्षे वेगळे राहिल्याची अट तुम्ही कधीच ओलांडली आहे. अर्जानंतर सहा महिने थांबून, पण अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा संमती द्यायची असते. हा थांबा माफ करावा अशी विनंती करता येते, पण त्या भरवशावर हॉल बुक करू नका. लग्न जिथे झाले किंवा जिथे दोघे शेवटचे एकत्र राहिलात, तिथल्या न्यायालयात अर्ज चालतो. नवरा आखातात असल्याने भारतीय दूतावासात साक्षांकित केलेले मुखत्यारपत्र पाठवू शकतो, आणि व्हिडिओ कॉन्फरन्सवर हजर राहण्याची परवानगी मागता येते. ‘चर्चने सोडवलं, आता मी कशाला येऊ’ असे तो म्हणतो, हे तुम्ही लिहिले आहे. त्याला एवढेच कळवा, की कोर्टाचा हुकूम नसेल तर त्यालाही पुन्हा लग्न करता येणार नाही. तरी नाहीच आला, तर दोन वर्षांहून अधिक काळ टाकून दिल्याचे कारण तुमच्या हाताशी आहे. त्यात वेळ जाईल, पण मार्ग बंद नाही. तेव्हा चर्चचा निर्णय पुरावा म्हणून पुरणार नाही. तिथे साक्ष दिलेल्या माणसांना कोर्टात पुन्हा बोलवावे लागेल.

संमतीच्या अटी घाईने लिहू नका. मुलीचा ताबा, तिच्या शिक्षणाचा खर्च, पासपोर्टसाठी वडिलांची सही, तुमचे दागिने, सगळे त्यात यावे. घटस्फोटानंतर विधवा म्हणून तुमचा वाटा राहणार नाही, मुलीचा राहील. पण ख्रिस्ती बाप मृत्युपत्राने आपली सगळी मिळकत हवी त्याला देऊ शकतो, म्हणून पुढच्या वारशावर विसंबू नका. तिच्या नावाने आत्ताच ठेव ठेवून घ्या.

चर्चचे निर्णयपत्रही एकदा शेवटपर्यंत वाचा. कधी कधी त्यात, बिशपांच्या परवानगीशिवाय पुनर्विवाह करू नये, अशी अट असते. ती तुमच्यासाठी नसून पहिल्या नवऱ्यासाठी असेल, पण पाहून घ्या.

हुकूम मिळाला की लगेच तारीख काढू नका. घटस्फोट अधिनियमाच्या कलम ५७ प्रमाणे अपिलाची मुदत संपून हुकूम अंतिम व्हावा लागतो. तुमच्या हुकुमाला ते कसे लागू होते, हे वकिलाकडून लेखी घ्या आणि प्रमाणित प्रत फादरांना द्या. ईस्टरची वेळ कदाचित हुकेल. होणाऱ्या यजमानांना हे आजच सांगा, लपवाछपवीची किंमत तुम्ही एकदा मोजली आहे. आणि घर मुलीच्या नावे करण्यासाठी जे मृत्युपत्र करायचे म्हणता, ते या लग्नानंतरच करा. भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ६९ प्रमाणे लग्न झाले की आधीचे मृत्युपत्र आपोआप रद्द होते.