सिंहाचा अर्थ आणि गोष्ट सांगणारा ‘मी’

प्रश्न : सी. एस. लुईस यांची ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ ही कादंबरी मी नुकतीच पुन्हा वाचली. अस्लान हा सिंह म्हणजे येशू ख्रिस्त, हे कळल्यापासून मला प्रत्येक पात्रामागे कोणीतरी दडलेले दिसू लागले आहे आणि गोष्टीचा आनंद ओसरला आहे. मध्येच ‘मी’ म्हणून बोलणारा निवेदक स्वतः लुईसच आहेत का? आणि लहान मुलांना हे पुस्तक देताना त्यातला अर्थ आधी सांगावा का?

उत्तर : अस्लानविषयी आपल्याला जे कळले ते खरे आहे, त्यावरून आपण ज्या रीतीने वाचू लागला आहात, ती मात्र मला पटत नाही. कपाटातून नार्निया या जादूच्या जगात गेलेल्या चार भावंडांपैकी एडमंड चेटकिणीला फितूर होतो; त्याच्या अपराधासाठी अस्लान स्वतःला तिच्या हाती देतो, त्याची आयाळ कापून विटंबना केली जाते, दगडी मेजावर त्याचा वध होतो आणि सूर्योदयाला तो पुन्हा जिवंत होऊन एडमंडच्या बहिणी सुझन व लूसी यांच्यासमोर उभा राहतो. ख्रिस्ताचे चरित्र सांगणारे शुभवर्तमान ज्याने ऐकले आहे, त्याला यातले साम्य वेगळे दाखवावे लागत नाही. लुईस यांनीही ते लपवले नाही. पण आपली गोष्ट रूपककथा आहे, हे त्यांनी अमान्य केले. नार्नियासारखे जग खरोखर असते आणि ख्रिस्ताने तिथे देह धारण केला असता, तर काय घडले असते, या कल्पनेतून अस्लान आला, असे त्यांनी १९५८ मधील एका पत्रात स्पष्ट केले आहे.

हा भेद वाचकाच्या मोठ्या उपयोगाचा आहे. रूपककथेत प्रत्येक पात्राला बाहेरचा एक जोडीदार असतो आणि तो सापडला की पात्राचे काम संपते. इथे तसे होत नाही. शिवणयंत्रावर बसलेली बीव्हरबाई (बीव्हर हा नदीकाठी राहणारा प्राणी) कोणाचे प्रतीक? नाताळच्या भेटी वाटणारा फादर ख्रिसमस त्या बर्फात कसा पोहोचला? अस्लानच्या मृतदेहावरचे दोर पहाटे कुरतडणाऱ्या उंदरांना तर शुभवर्तमानात कोणीच जोडीदार नाही, आणि माझ्या मते त्या प्रकरणातली सर्वांत हृदयस्पर्शी गोष्ट तीच आहे. अस्लान मरतो तोही एका मुलासाठी, साऱ्या जगासाठी नव्हे. ही कादंबरी एका चित्रातून सुरू झाली, असे लुईस यांनी लिहून ठेवले आहे : बर्फाळ रानातून छत्री आणि पुडकी घेऊन जाणारा एक फॉन (अर्धा माणूस, अर्धा बोकड). ते चित्र सोळाव्या वर्षापासून त्यांच्या मनात होते. सिंह पुष्कळ नंतर आला. म्हणून प्रत्येक पात्रामागे कोण आहे याचा शोध थांबवून, ते पात्र गोष्टीत काय करते, याकडे पाहावे. एडमंडला मोहात पाडणाऱ्या टर्किश डिलाइट या मिठाईचेच पाहा : पुस्तक १९५० मध्ये आले तेव्हा ब्रिटनमध्ये मिठाईवर रेशनिंग होते, त्यामुळे त्या पहिल्या बालवाचकांना त्याचा मोह समजण्यासाठी कोणत्याही प्रतीकाची गरज नव्हती.

आता निवेदकाविषयी. तो ‘मी’ म्हणजे मुलांना समोर बसवून गोष्ट सांगणारा एक प्रेमळ वडीलधारा माणूस आहे. कपाटात शिरल्यावर दार लावून घेणे मूर्खपणाचे असते, हे तो पुन्हा पुन्हा बजावतो, आणि काही भयंकर प्राण्यांचे वर्णन केले तर मोठी माणसे हे पुस्तक वाचू देणार नाहीत, म्हणून ते टाळतो. ही लुईस यांनी घेतलेली भूमिका आहे; तिला सरसकट लेखक समजू नये. लेखकाचे विचार शोधायचे असतील, तर ते, ज्यांच्या घरी ही भावंडे राहतात त्या प्राध्यापकांच्या तोंडी अधिक उघडपणे सापडतात. कपाटातून दुसऱ्या जगात गेल्याचे सांगणारी लूसी खोटे बोलत नाही, ती वेडीही नाही, म्हणजे ती खरे सांगते आहे, हा त्यांचा युक्तिवाद लुईस यांनी महायुद्धाच्या काळात बीबीसीवरील व्याख्यानांत ख्रिस्ताविषयी मांडलेल्या युक्तिवादाच्याच घडणीचा आहे. ऑक्सफर्डजवळच्या त्यांच्या घरी १९३९ मध्ये, कादंबरीतल्या भावंडांप्रमाणेच, युद्धामुळे लंडनहून हलवलेली मुले राहायला आली होती, हेही इथे आठवते.

तरीही एका ठिकाणी निवेदक आणि लेखक यांच्यातले अंतर मला जवळजवळ नाहीसे झालेले वाटते. अस्लानच्या वधानंतर निवेदक वाचकाकडे वळतो आणि म्हणतो की, रात्रभर रडून अश्रू संपले की शेवटी एक प्रकारची शांतता येते, हे ज्यांनी तसे दुःख भोगले आहे त्यांना ठाऊक असेल. लुईस यांची आई १९०८ मध्ये वारली, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. हे वाक्य त्या मृत्यूविषयीच आहे, असा दावा मी करणार नाही. परंतु मुलांच्या दुःखाला इतक्या बरोबरीच्या नात्याने सामोरा जाणारा स्वर केवळ कथनतंत्रातून येतो, असेही मला वाटत नाही. लेखकाची उपस्थिती शोधायची तर सिंहापेक्षा या वाक्यापाशी अधिक थांबावे.

मुलांना अर्थ आधी सांगू नये. अस्लानचे आपल्या जगातले नाव कोणते, असे एका मुलीने विचारले असता लुईस यांनी १९५३ मध्ये तिला नाव कळवले नाही. तो फादर ख्रिसमसच्याच वेळी आला, दुसऱ्याच्या चुकीसाठी मेला आणि पुन्हा जिवंत झाला, अशा खुणा देऊन तिलाच ओळखायला सांगितले. मुलाने विचारले तर आपणही एवढेच करावे, आणि विचारले नाही तर पुढचे प्रकरण वाचावे.