'सेंट'मधला ट कुठे गेला?

प्रश्न असा आहे: 'संत' आणि 'सेंट' एकाच मुळातले शब्द, तर इंग्लंडच्या सेंट एडमंड, सेंट ऑसवल्ड या राजांना मराठीत 'संत' म्हणायला काय हरकत?

मूळ एक नाही, ही पहिली हरकत. हे 'एकच मूळ' व्याख्यानांतून ऐकून ऐकून कान किटले. आपला 'संत' संस्कृत 'सत्'चा, 'सन्तः' या अनेकवचनातून आलेला. धातू 'अस्', असणे. 'सेंट' लॅटिन 'सांक्टुस'चा. तिथला धातू 'सांकिरे', विधीने पवित्र ठरवणे. नाद जुळला म्हणून सोयरीक होत नाही. 'सत्'चा इंग्रजीतला खरा भाऊबंद 'सूथ' आहे, सत्य या अर्थाचा जुना शब्द.

पण 'सेंट' शब्दाची खरी मौज एका राणीच्या नावात आहे. एथेलथ्रिथ ही जुन्या इंग्लंडातल्या ईस्ट अँग्लिया या राज्याच्या अन्ना राजाची मुलगी (अन्ना इथे पुरुषाचे नाव). दुसरा नवरा उत्तरेकडच्या नॉर्थंब्रिया राज्याचा राजा एग्फ्रिथ. त्याला सोडून तिने ६७३ मध्ये ईली इथे मठ काढला आणि ६७९ मध्ये मानेला गाठ येऊन ती वारली. बीड नावाच्या इंग्रज मठवासी इतिहासकाराने ७३१ मध्ये पुऱ्या केलेल्या इतिहासात ही हकीकत आहे. तरुणपणी गळ्यात हारांचे ओझे मिरवले, त्याची ही फेड, असे ती म्हणे. १६ वर्षांनी बहीण सेक्सबर्हने शवपेटी उघडवली, तर देह जसाच्या तसा; किनेफ्रिथ वैद्याने गाठ चिरली होती तिथे फक्त बारीकसा व्रण. रोमच्या पोपचा हुकूम नाही, काही नाही. पेटी उघडली आणि लोक पाया पडू लागले.

पुढे नाव झिजून 'ऑड्री' झाले. ईलीच्या जत्रेत तिच्या नावाने रेशमी गळपट्ट्या विकत, 'सेंट ऑड्रीज लेस'. भरभर बोलताना 'सेंट'चा ट पुढच्या नावाला चिकटला आणि झाली 'टॉड्री लेस'. माल हलका होत गेला, उरले विशेषण 'टॉड्री', स्वस्त पण चकचकीत या अर्थाचे. हा ट असा उड्या मारतोच: लंडनची टूली स्ट्रीट म्हणजे मुळात सेंट ओलाव्ह (नॉर्वेचा राजा), आणि एसेक्समधल्या सेंट ओसिथ गावाला तिथले लोक 'टूझी' म्हणत आले.

आणि हे 'टॉड्री' मराठीत आणताना 'भपकेबाज' लिहिणाऱ्यांशी माझे कायमचे भांडण आहे. भपक्याला पैसा लागतो, टॉड्रीत तो नसतोच. आपल्याकडे नेमका शब्द आहे: बेगडी. बाशिंगाला, मखराला चिकटवायचा तो चकचकीत पातळ बेगड. बोट ओले करून घासले की रंग बोटाला येतो. दोन्ही शब्द सजावटीच्या स्वस्त वस्तूवरून निघाले, दोन्ही पुढे माणसांच्या वागण्याला लागले. माझ्या मते इतकी तंतोतंत जोडी दुसरी सापडायची नाही.

राहिले राजे. ऑसवल्ड ६४२ मध्ये शेजारच्या मर्सिया राज्याचा राजा पेंडा याच्याशी लढताना पडला. त्या जागेची माती लोकांनी औषध म्हणून इतकी नेली की पुरुषभर खड्डा झाला, असे बीड सांगतो. एडमंडला ८६९ मध्ये डेन लोकांनी मारले. 'संत' म्हटले की मराठी कानाला ज्ञानोबा-तुकोबा ऐकू येतात, तलवार नाही. 'सेंट'च ठेवा.