कमोडोर ६४ (१९८० च्या दशकातला घरगुती संगणक) : लाल दिवा लागतो, पण पडदा काळा, कधीतरीच चित्र येतं. रॅम गेली का?

असू शकते, पण पेचकस उचलण्याआधी पॉवरची वीट (बाहेरचा विटेसारखा अडॅप्टर, जो ५ व्होल्ट डीसी आणि ९ व्होल्ट एसी देतो) तपासा. जुन्या मूळ विटेतला रेग्युलेटर (व्होल्ट स्थिर ठेवणारा भाग) बिघडला की ५ व्होल्टची लाइन वर चढते आणि रॅमच्या चिप एकामागून एक जळतात. मीटरवर ५.२५ च्या वर आकडा दिसला तर ती वीट पुन्हा लावूच नका. नवी चिप बसवून जुनीच वीट जोडणं म्हणजे येरे माझ्या मागल्या.

मग संगणकाच्या आतला फ्यूज बघा. तो ९ व्होल्ट एसीच्या लाइनवर असतो. तो उडाला तरी दिवा मात्र छान लागतो, कारण त्याला ५ व्होल्ट वेगळे मिळतात. जुन्या बोर्डांत चित्र काढणाऱ्या चिपचे व्होल्ट याच एसीतून तयार होतात, त्यामुळे चित्र गायब. किती जण इथे फसतात!

इथवर सगळं ठीक असेल तर रॅम. जुन्या बोर्डावर ४१६४ क्रमांकाच्या रॅमच्या आठ चिप असतात. दोनेक मिनिटं चालू ठेवून एकेकीवर बोट टेकवा (जपून, चटका बसतो). बाकीच्या कोमट आणि एकच रसरशीत, तर बहुधा तीच चोर. थंड आहे म्हणून मात्र निर्दोष समजू नका. पीएलए चिप (कोणत्या वेळी कोणती चिप बोलेल हे ठरवणारी) गेली तरी पडदा असाच काळा राहतो, तिच्यावरही संशय ठेवा.

तुम्ही म्हणता कधीतरी चित्र येतं, तेव्हा पडद्यावर वर दिसणारा मोकळ्या बाइटचा आकडा वाचा. ३८९११ पेक्षा कमी बाइट दाखवत असेल तर रॅमवरचा संशय पक्का.